आधी ढाळ, मग कमान

पाचव्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी विषय घेतला होता, 'कॅरॅव्हॅन पार्कचे नियोजन'. विषयामागे फार मोठा विचार होता असं नाही. बाकीच्या ग्रुप्सनी रेन वॉटर हार्वेस्टिंग आणि पेव्हर ब्लॉक आधीच पळवले होते, एवढंच! धरणाच्या बॅकवॉटरच्या काठावर एक काल्पनिक प्लॉट घेतला, त्यात ४० गाड्या बसवल्या आणि चार रात्री जागून शीट काढली. प्रवेशद्वारावर किल्ल्यासारखी कमान, मधोमध संगीत कारंजे, स्विमिंग पूल, लॉन, सेल्फी पॉइंट... व्हायवाला एक्सटर्नल सरांनी शीट दोन्ही हातांनी लांब धरून पाहिली आणि म्हणाले, "व्वा! कमान छान जमली आहे." २५ पैकी २२ मार्क. त्या रात्री कँटीनमध्ये आमची मिसळ पार्टी झाली.

आज हा लेख लिहायला बसले आहे, कारण त्या २२ पैकी निदान १५ मार्क मला परत करावेसे वाटतात.

त्या शीटवर ४० गाड्या होत्या, म्हणजे ४० संडास होते. त्यातला मैला कुठे जाणार याची एकही रेघ आम्ही मारली नव्हती! आम्ही विसरलो, गाईडच्या नजरेतून सुटलं आणि एक्सटर्नलनी विचारलं नाही. सिव्हिलची इतकी डोकी त्या शीटवर वाकली आणि एकालाही हा प्रश्न पडला नाही. माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, सातवी पास आजीला मात्र तो पहिल्याच संध्याकाळी पडला.

तर झालं असं. परीक्षा संपल्यावर आजी आणि मी मामाकडे अमेरिकेत डेनव्हरला गेलो होतो. मामाने आठ दिवसांसाठी आरव्ही भाड्याने घेतली, डेनव्हर ते यलोस्टोन आणि परत. आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेईकल, आपल्याकडे जिला कॅरॅव्हॅन म्हणतात ती. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे बेड, ओटा, फ्रिज आणि संडास-बाथरूम. काहींना स्वतःचं इंजिन असतं, काही दुसऱ्या गाडीला जोडून ओढायच्या. आमची इंजिनवाली होती, ३० फूट लांब. तिकडे याचं वेड किती? कोविडनंतर लोकांना हॉटेल नको झालं, तेव्हा २०२१ या एका वर्षात तिथल्या कारखान्यांतून ६ लाखांहून जास्त आरव्ही बाहेर पडल्या. आणि या गाड्या रात्री जिथे उभ्या राहतात, ते आरव्ही पार्क. थोडक्यात, गाड्यांचं लॉज!

पहिल्या रात्रीचं पार्क मी स्वतः निवडलं होतं. वेबसाइटवरचे फोटो बघून भाळले होते. गरम पाण्याचा पूल, मिनी गोल्फ, मोठ्ठं गेट. अगदी आमची शीटच प्रत्यक्षात उतरली आहे असं वाटलं. (पार्कचं नाव सांगत नाही, त्यांनीही बिचाऱ्यांनी कुठूनतरी २५ पैकी २२ मिळवले असतील.)

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. जागा होती रिव्हर्स घालायची, दोन झाडांच्या मधली, रस्त्याला बरोबर काटकोनात. मामा दिवसभर गाडी चालवून दमलेला. मामी मागे उभी राहून बॅटरी हलवत ओरडतेय, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... अरे बास बास बास!" आपल्या एसटी स्टँडवरच्या कंडक्टरची आठवण आली. पाऊण तास गेला. मामा-मामींमध्ये जे संभाषण झालं ते मासिकात छापण्यासारखं नाही.

गाडी लागली तर एका बाजूला कललेली. "असू दे रे, एका रात्रीचा प्रश्न," मी म्हटलं. पण त्या गाडीतला फ्रिज गॅसवर चालणारा होता. त्यात कॉम्प्रेसर नसतो. आतलं अमोनियाचं द्रावण फक्त गुरुत्वाकर्षणाने फिरतं. गाडी तिरकी असेल तर ते अडकून बसतं आणि फ्रिज गार होत नाही. थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात मी ही आकृती तीनदा काढली होती. पण ती दूध नासल्यावर कळली!

मग वीज. तिकडचं साधं कनेक्शन ३० अँपिअरचं, १२० व्होल्टवर. म्हणजे ३,६०० वॅट. एक एसी, एक मायक्रोवेव्ह आणि मामीचा हेअर ड्रायर, की खटका पडलाच. मोठ्या गाड्यांना ५० अँपिअरचं कनेक्शन लागतं. त्यात १२० व्होल्टच्या दोन फेज असतात, म्हणजे १२,००० वॅट. त्या पार्कात ते मोजक्याच जागांवर होतं, आणि त्या जागा अर्थातच पूलच्या बाजूच्या, दुप्पट भाड्याच्या.

पण खरी गंमत सकाळी झाली. आजी बाहेर लाकडी टेबलावर चहा घेऊन बसली आणि लगेच उठली.

"अगं, ही नळी कसली?"

मी पाहिलं. शेजारच्या गाडीतून एक जाड नळी निघून आमच्या टेबलापासून हातभर अंतरावर जमिनीतल्या भोकात गेली होती.

"त्यांच्या संडासाची, आजी."

"म्हणजे यांचा संडास आपल्या चहाच्या टेबलाखाली? आणि आपला कुणाच्या ताटाखाली गं?"

बघा! चार वर्षांची डिग्री ज्या प्रश्नाभोवती फिरायला हवी, तो आजीने चहाच्या पहिल्या घोटाला विचारला.

याचं कारण साधं आहे. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून आरव्हीचं दार उजवीकडे आणि पाणी, वीज, मैला यांची जोडणी बहुतेक डावीकडे. गाड्या एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून उभ्या केल्या की तुमचं अंगण शेजाऱ्याच्या परसाला लागणारच. चांगला नियोजनकार मध्ये पुरेसं अंतर सोडतो, झुडपांची ओळ लावतो, टेबल पुढच्या बाजूला आणि मैल्याचं तोंड मागच्या बाजूला ठेवतो. इथे तेवढी जागा मिनी गोल्फने खाल्ली होती.

शिवाय जमिनीतलं ते तोंड गाडीच्या तोंडापेक्षा दोन-तीन इंच उंच होतं. मैला चढ चढत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. मामाला नळी हाताने उचलून उचलून रिकामी करावी लागली. त्याचं तेव्हाचं तोंड मी विसरणार नाही.

आमचे दुसऱ्या बाजूचे शेजारी एक निवृत्त नवरा-बायको होते. घर विकून बारा महिने आरव्हीतच राहणारे. असे लोक तिकडे बरेच आहेत. मी आजोबांना विचारलं, पार्क निवडताना तुम्ही काय बघता? ते म्हणाले, "फोनवर तीनच प्रश्न विचारतो. जागा सपाट आहे का, आत शिरून सरळ पुढून बाहेर पडता येतं का, आणि शेजारी किती लांब आहे." आणि पूल? दोघंही हसले. आजी म्हणाल्या, या सीझनमध्ये एकदाही पाय बुडवलेला नाही. त्यांचा स्वतःचा प्रश्न चौथा होता: रात्री कुत्र्याला फिरवताना पायवाटेवर दिवा आहे का?

म्हणजे आमच्या शीटवर जे होतं ते त्यांना नको होतं, आणि त्यांना हवं होतं त्यातलं आमच्या शीटवर काही नव्हतं.

मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा धंदा मुळात असाच सुरू झाला. १९६२ साली सिअ‍ॅटलला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. मोंटाना राज्यात बिलिंग्ज गावाजवळ डेव्ह ड्रम नावाच्या माणसाची नदीकाठी जमीन होती. प्रदर्शनाला जाणारे लोक त्या रस्त्याने गाड्या घेऊन जात आणि रात्री कुठे थांबायचं या विवंचनेत असत. ड्रमने काय दिलं? एक टेबल, चूल पेटवायची जागा, स्वच्छ संडास, गरम पाण्याचे शॉवर आणि छोटंसं दुकान. बास. त्यातूनच केओए ही कंपनी उभी राहिली. आज तिची ५०० च्या आसपास पार्क्स आहेत. कमान कुठेच नव्हती!

तिसऱ्या दिवशी आम्ही यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कला पोचलो. पाणी, वीज आणि मैला तिन्हींची जोडणी असलेलं त्या राष्ट्रीय उद्यानातलं हे एकमेव ठिकाण. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेलं. इथे तंबूला परवानगी नाही, कापडी भिंतींच्या गाडीलाही नाही, कारण हा अस्वलांचा भाग. पूल नाही, गोल्फ नाही. पण मामाने पाच मिनिटांत गाडी लावली. नळी उतारावर सरळ खाली गेली. खटका पडला नाही. रात्री दहानंतर इतकी शांतता की आजीचं घोरणं हाच काय तो आवाज. मामा-मामींचं पुन्हा बोलणं सुरू झालं. पार्क चांगलं आहे की नाही हे ओळखायची यापेक्षा सोपी टेस्ट मला तरी माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या गप्पा आपल्या हॉस्टेलच्या पोरांना कशाला? तर २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, कॅरॅव्हॅनसाठीही आणि त्या उभ्या करायच्या पार्कांसाठीही. केरळनेही त्याच वर्षी आणलं. म्हणजे ही पार्क्स उद्या कुणीतरी ड्रॉइंग बोर्डवर घेणार आहे. आणि तो 'कुणीतरी' म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी असणार, रात्री जागून शीट काढणारा. म्हणून माझं म्हणणं मांडते.

पहिली गोष्ट, तिकडचं ड्रॉइंग इंटरनेटवरून उचलून जसंच्या तसं चिकटवू नका. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, आपली दारं डावीकडे. त्यामुळे सगळं आरशातल्यासारखं उलटं करावं लागेल. अंगण डावीकडे, जोडणी उजवीकडे. रिव्हर्स घालताना ड्रायव्हरला स्वतःच्या खिडकीतून मागचा कोपरा दिसला तर सोपं जातं. म्हणून तिकडे जागा डाव्या हाताला येतील असा रस्ता सोयीचा, तर आपल्याकडे त्या उजव्या हाताला हव्यात. आणि काटकोनात नको, तिरक्या. एवढं केलं तरी कित्येक संसार वाचतील.

दुसरी, वीज. इथे आपण नशीबवान आहोत. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचा साधा गिझरचा पॉइंट म्हणजे सुमारे ३,६८० वॅट. तिकडच्या ३० अँपिअरइतकाच! म्हणजे पैसे फार लागत नाहीत. लागतं ते नीट अर्थिंग, प्रत्येक जागेला वेगळा गळती-रोधक खटका आणि पावसात पाणी शिरणार नाही अशी पेटी. ओल्या गवतावर अनवाणी उभी असलेली लहान मुलं डोळ्यांसमोर आणा, मग अर्थिंगवर पैसे वाचवावेसे वाटणार नाहीत.

तिसरी, जमीन. आम्ही ४० गाड्या लॉनवर उभ्या केल्या होत्या. आमच्या आरव्हीसारखी गाडी साधारण ६ टनांची. जुलै महिन्यात कोकणात किंवा मावळात लॉनवर ६ टन उभे करून बघा. बाहेर काढायला जेसीबी बोलवावा लागेल. दाबून बसवलेला मुरूम किंवा काँक्रीटचा पट्टा, पाणी निघून जाण्यापुरता एक-दोन टक्के ढाळ, आणि बाजूने चर. फोटोत हे छान दिसत नाही, मान्य आहे.

आणि चौथी, जी आम्ही विसरलो. आरव्हीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. एक अंघोळीच्या-भांड्यांच्या पाण्याची, दुसरी मैल्याची. मैल्याची टाकी थोडी भरल्यावरच रिकामी करायची असते. झडप सतत उघडी ठेवली तर पाणी निघून जातं आणि बाकीचं आत साचून बसतं. आधी मैला सोडायचा, मग अंघोळीचं पाणी, म्हणजे नळी धुऊन निघते. टाकी साधारण १२० लिटरची धरली आणि रविवारी सकाळी आमच्या पार्कातल्या ४० गाड्या निघताना रिकाम्या झाल्या, तर ४,८०० लिटर. तोही कमी पाण्यातला, दाट मैला. शिवाय वास येऊ नये म्हणून लोक टाकीत औषधं घालतात. त्यात फॉर्माल्डिहाइड असेल तर सेप्टिक टँकमधले जिवाणूच मरतात आणि टँक नुसता हौद होऊन बसतो.

आणि आमचा प्लॉट कुठे होता? धरणाच्या काठावर. खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या काठावर. आमची शीट कुणी खरंच बांधली असती, तर शेवटी कुठल्यातरी सुपरवायझरने रात्री एक पाइप उताराकडे सोडून दिला असता. म्हणजे धरणातच. त्यावर संगीत कारंजं मात्र झकास नाचलं असतं.

उपाय अवघड नाहीत. जागोजागी जोडणी परवडत नसेल तर बाहेर पडायच्या रस्त्यावर एकच मैला-उपसा चेंबर, भोवती काँक्रीटचा खोलगट ओटा, योग्य मापाचा सेप्टिक टँक आणि त्यापुढे प्रक्रिया. काठापासून लांब. नाहीतर टँकरने जवळच्या प्रक्रिया केंद्रात. वाई, सिन्नरसारख्या गावांनी मैला-गाळ प्रक्रिया केंद्रं उभारली आहेत, म्हणजे हे महाराष्ट्रात होऊ शकतं. पिण्याच्या पाण्याचा नळ तिथून लांब, आणि नळी धुवायच्या नळावर मोठ्या अक्षरात मराठीत पाटी: 'हे पाणी पिऊ नका'.

माझी रूममेट हे वाचून म्हणाली, "अगं पण आपल्याकडे आरव्ही आहेत कुणाकडे? टेम्पो ट्रॅव्हलरने अष्टविनायक करणारी माणसं आपण." बरोबर आहे तिचं. म्हणूनच मला वाटतं की अशा पार्काचे संडास आणि पाणी रस्त्याने जाणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरलाही, थोडे पैसे घेऊन का होईना, खुले असावेत. कॅरॅव्हॅनवाले येतील तेव्हा येतील, बायका-म्हातारी माणसं आजच रस्त्यावर आहेत. दुसरा आक्षेप असा की लोक कमान बघूनच आत येतात. येत असतील. पण कमान बघून एकदाच येतात. दुसऱ्यांदा येतात ती बाथरूम आठवून.

हे कळायला खरं तर वायोमिंगपर्यंत जायचीही गरज नव्हती. आपल्याच हॉस्टेलची कमान दर गॅदरिंगला रंगवली जाते. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचा ढाळ दाराकडे आहे! रोज सकाळी पाणी जाळीकडे जायचं सोडून पॅसेजमध्ये येतं आणि मावशी खराट्याने ते परत आत लोटतात. तो ढाळ काढणाराही इंजिनिअरच होता. त्यालाही कुणीतरी चांगले मार्क दिले असणार. रेक्टर सरांना राग येऊ नये. मी दोष कुणा एकाला देत नाही, त्यात मीही आले. आपण सगळे दिसणाऱ्या गोष्टीला मार्क देतो, एवढंच म्हणते. राहणाऱ्याला विचारत नाही. त्या मावशींना एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं.

शेवटी परत आजीकडे येते. एसटीने कुठे जायचं ठरलं की आजी आदल्या रात्रीपासून पाणी कमी करते. सकाळी चहाही अर्धाच. वाटेतल्या स्टँडवरच्या संडासात गुडघे वाकत नाहीत आणि तिथे जावंसं वाटतही नाही. म्हणून हळूहळू तिने प्रवासच सोडला. लग्नं सोडली, माहेर सोडलं. घरात आम्ही सगळे म्हणायचो, आजीला आता प्रवास झेपत नाही. प्रवास झेपत होता. संडास झेपत नव्हता.

फिशिंग ब्रिजला सकाळी ती खिडकीशी बसली होती. बाहेर धुकं. चहा संपवून तिने कप पुढे केला आणि म्हणाली, "अजून अर्धा दे गं." प्रवासात दुसरा चहा मागणारी आजी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तिच्या लेखी तेच पार्क फाइव्ह स्टार.

मी आमची ती शीट पुन्हा काढायला घेतली आहे. मार्क मिळणार नाहीत, सेमिस्टर संपलं. पहिली रेघ मैल्याच्या लाइनची मारली आहे, ढाळ लिहून. मग रस्ता, मग ४० च्या जागी २४ गाड्या, मग पायवाटेवरचे दिवे. कमानीला जागा उरली तर बघू.